सर्जनला पाच स्टार, काउंटरला दोन: आईच्या ऑपरेशनचा अनुभव

आईच्या पित्ताशयात खडे होते, दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं आणि नाशिकमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात ते नुकतंच झालं. आई आता घरी आहे, बरी आहे, वरणभात खातेय. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण जे लिहितोय ते शहरातल्या बऱ्याच हॉस्पिटलांना लागू पडेल आणि तिथल्या सिस्टर लोकांना उगाच त्रास व्हायला नको.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं होतं. सर्जन डॉक्टरांनी आईला समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं, लिव्हर इथे, पित्ताची पिशवी इथे, खडे इथे अडकतात म्हणून दुखतं, पोटाला चार छोटी भोकं पाडणार, आणि आत जास्त चिकटलेलं निघालं तर पोट उघडून करावं लागेल हेही स्पष्ट सांगितलं. बोलत होते आईशी, माझ्याशी नाही. हे मला फार आवडलं, नाहीतर पेशंट समोर बसलेला असतो आणि डॉक्टर बोलतात मुलाशी किंवा जावयाशी. तपासताना पडदा ओढलेला, सिस्टर शेजारी उभी, आई एकदम निवांत. रात्रपाळीच्या सिस्टर आणि मावशी यांच्याबद्दल तर बोलावं तेवढं कमी, बेल दाबली की येतात, चिडत नाहीत.

आता काउंटर. आईला आत न्यायला वॉर्डबॉय मामा स्ट्रेचर घेऊन आलेत आणि त्याच वेळी एक पोरगा फाईलमध्ये संमतीपत्र घेऊन आला, इथे सही, इथे सही, इथे नाव आणि नातं लिहा. सगळं इंग्रजीत. आई सातवी शिकलेली, मराठी पेपर रोज वाचते, इंग्रजी अजिबात नाही. मी म्हणलं दादा थांब, वाचू दे, तर म्हणे "फॉर्मॅलिटी आहे साहेब, सगळेच करतात, ओटीवाले (ऑपरेशन थिएटरवाले) थांबलेत". वाचलं तर त्यात एक ओळ होती की गरज वाटल्यास डॉक्टर दुसरी कुठलीही शस्त्रक्रिया करू शकतात. पेशंटची सही नको, तुमची चालेल असंही तो म्हणाला, आणि इथे मात्र मी अडून बसलो, कारण आई शुद्धीवर आहे, सज्ञान आहे, शरीर तिचं आहे, मग सही माझी का?

समीरा कोहली केस ज्यांना माहीत नाही त्यांनी जरूर वाचा. दिल्लीतली बाई, १९९५ साली फक्त दुर्बिणीतून तपासणीला गेली, ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती होत नाही, जिवावर बेतलं असेल आणि थांबणं शक्य नसेल तर गोष्ट वेगळी, आणि पेशंट स्वतः निर्णय द्यायला समर्थ असेल तर नातेवाईकांची सही चालत नाही. डॉक्टरांना भरपाई द्यावी लागली. म्हणजे ती जी सरसकट ओळ छापलेली असते ना, ती साधी फॉर्मॅलिटी नाहीये.

सर्जनना फोन लावला, ते स्वतः बाहेर आले, आईला पुन्हा दोन मिनिटं मराठीत समजावलं, ती ओळ खोडून "गरज पडल्यास पोट उघडून हेच ऑपरेशन" असं हाताने लिहिलं आणि मग आईने सही केली. अजिबात कटकट नाही. म्हणजे डॉक्टरांना अडचण नव्हतीच, छापलेला फॉर्म आणि घाई ही अडचण होती.

दरपत्रकाचं सांगतो. महाराष्ट्रात जानेवारी २०२१ पासून नर्सिंग होमच्या नियमांत बदल झालाय, रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायलाच लागतं, तक्रार कुठे करायची तो नंबरही. इथे सनद लावलेली आहे, पण लिफ्टच्या मागच्या भिंतीवर आणि पुढे पाण्याचं मशीन. दरपत्रक मागितलं तर "पॅकेज आहे ना तुमचं" एवढंच उत्तर, आणि शेवटी बिलात पॅकेजच्या बाहेरचे मॉनिटरचे, ऑक्सिजनचे वेगळे पैसे. आयटमवार बिल मागितलं तेव्हा दिलं, दोन गोष्टी कमीपण केल्या. पण मागायला का लागावं? म्हातारं जोडपं एकटं आलं असतं तर कुणी मागितलं असतं?

औषधांचं तर विचारूच नका. खालच्या मेडिकलमधूनच घ्या असं वॉर्डात सांगतात. सनदेत स्पष्ट आहे की औषध आणि तपासण्या कुठून घ्यायच्या हे पेशंट ठरवणार. मी दोन इंजेक्शनं सोडून बाकी बाहेरून आणलं, सिस्टरने बॅच नंबर आणि एक्सपायरी बघून ठेवून घेतलं, काही बोलली नाही, पण आणण्याआधी काउंटरवर वाद घालावा लागला तो लागलाच.

शेजारच्या बेडवर निफाडकडचे एक काका होते. डॉक्टरांनी सकाळीच घरी जा म्हणून सांगितलं, पण थोडे पैसे कमी पडत होते म्हणून संध्याकाळपर्यंत "बिल क्लिअर करा मग सोडतो" चालू. काकू जिन्यात बसून नातेवाईकांना फोन करत होत्या. हे बघून खरंच पोटात कालवलं. बिलासाठी पेशंटला अडवून ठेवता येत नाही, वसुलीला कायदेशीर मार्ग आहेत. मी काउंटरवर जाऊन सनदेतला तो मुद्दा दाखवला, मॅनेजर आले, उरलेल्या रकमेचं लिहून घेतलं आणि सोडलं. (परिस्थिती बेताची असेल तर आधी धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलात चौकशी करा, तिथे १० टक्के बेड निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवावे लागतात, आणि सरकारी मोफत उपचारांच्या जनआरोग्य योजनेत बसतं का तेही आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनीसाला, विचारा.)

फाईलची कॉपी तोंडी मागितली तर "डिस्चार्ज कार्ड दिलंय ना" म्हणाले. लेखी अर्ज दिला, पोच घेतली, मग मिळाली. मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे हा डॉक्टरांच्या आचारसंहितेतला २००२ पासूनचा नियम आहे, तेव्हा अर्जावर तारीख टाकाच.

जायचं का तिथे? सर्जनसाठी नक्की जा, हात चांगला आहे आणि माणूस चांगला आहे. फक्त संमतीपत्र आदल्या दिवशीच मागून घ्या, मराठीत नसेल तर मराठीत समजावून मागा, ॲडमिट होतानाच दरपत्रकाचा फोटो काढा. अडवलं तर नाशिक शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार जाते. मॅनेजरना मी हे सगळं लेखी दिलंय, मराठी फॉर्म छापतो म्हणालेत. सध्या एकूण तीन स्टार, ते फॉर्म काउंटरवर दिसले आणि पाण्याचं मशीन सरकवलं की चार करेन.