डीजीआरचा २४ आठवड्यांचा मॅनेजमेंट कोर्स: ११ महिन्यांनंतर

डीजीआर म्हणजे संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय. फौजेतून बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्यांना ते मॅनेजमेंट शिकायला पाठवतं. माझा तो कोर्स संपून पाच महिने झालेत. काल एका कंपनीचा ऑनलाइन अर्ज भरताना ‘सर्वोच्च शिक्षण’ या रकान्यापाशी पुन्हा अडकलो. यादीत बीकॉम, एमबीए, पीजी डिप्लोमा, पीएचडी, सगळं आहे. या कोर्सचं मिळतं ते सर्टिफिकेट मात्र नाही. सगळ्यात खाली ‘अदर’. एचआरला फोन केला, तर बाई शांतपणे म्हणाल्या, “सर, अदर टाका ना.” १४ वर्षं फौजेत काढून, नामांकित संस्थेत २४ आठवडे घासून मी अदर! टाकलं. दोन मिनिटांत नकाराचा मेल. म्हणजे अर्ज माणसाने वाचलाच नाही.

कोर्सचा हिशेब असा: फीचे ६० टक्के डीजीआरचे, ४० आपले, आणि सेवेत असतानाच केला तर पगार चालू. मी शॉर्ट सर्व्हिसवाला, म्हणजे ठरावीक मुदतीचा अधिकारी: १० वर्षं अधिक वाढवून घेतलेली ४, पेन्शन नाही. त्यामुळे ते ४० टक्के जिव्हारी लागले. पण बाहेर पडून वर्षभराचा फुलटाइम एमबीए करायचा तर चांगल्या ठिकाणी फी ३० लाखांच्या आसपास किंवा वर, आणि बारा महिने घरात पगार नाही. बायकोने हा हिशेब लाइटबिलाच्या पाठीवर मांडला आणि बिल माझ्यापुढे सरकवलं. विषय संपला.

मार्केटिंगचे तास आता आठवतही नाहीत. प्लेसमेंटच्या नावाने दोन मेल आले. पण माझा राग तेवढ्या एका रकान्यावर. आयआयएमच्या दोन वर्षांवाल्यांनाही २०१७ चा कायदा येईपर्यंत डिप्लोमाच मिळायचा, पदवी नव्हे. त्यांना कुणी अदर म्हटलं नाही. कोर्सला पाचपैकी दोन तारे.

पुढचं सहा महिन्यांनी लिहितोय.

फौजेत भरती होतानाच्या ट्रेनिंगमधल्या कोर्समेटपाशी रडगाणं गायलो, तर तो म्हणाला, “अरे, ओटीएचा डिप्लोमा कुठाय?” चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, ४९ आठवडे काढल्यावर मद्रास विद्यापीठाचा डिफेन्स मॅनेजमेंट अँड स्ट्रॅटेजिक स्टडीजचा पीजी डिप्लोमा मिळतो. विसरूनच गेलो होतो. काळ्या ट्रंकेत तळाशी सापडला. तो भरला आणि तिसऱ्याच अर्जाला मुलाखत आली. ज्या वर्षी वाचन कमी आणि रगडा जास्त खाल्ला, त्या वर्षाचा कागद चालला. ज्याचे पैसे मोजले तो नाही.

पण नोकरी लागल्यावर मत बदलावं लागलं. गोदामांचं ऑपरेशन्स बघतो. पहिल्याच महिन्यात फोर्कलिफ्टच्या सुट्या भागांची मागणी लिहिली, गरजेच्या दीडपट. फौजेतली सवय: वर कात्री लागणार हे धरून इंडेंट (मागणीपत्र) चढवून लिहायचा, आणि मिळालेला निधी ३१ मार्चच्या आत संपवायचा, नाहीतर परत जातो. पाठवणार तेवढ्यात कोर्समधला वर्किंग कॅपिटलचा (खेळत्या भांडवलाचा) तास आठवला. सरांनी विचारलं होतं, “शेल्फवर पडलेल्या या मालात अडकलेले पैसे कुणाचे, आणि त्यावर टक्के किती?” अख्खा वर्ग गप्प. कर्नलपासून माझ्यापर्यंत एकालाही पैशाला भाडं लागतं हे कधी सुचलं नव्हतं. माणसं सांभाळणं, दबावाखाली निर्णय घेणं हे आम्हाला शिकवायची गरज नव्हती (तरी त्यावर तीन आठवडे घालवले). हे मात्र कुणीतरी शिकवायलाच हवं होतं. मागणी निम्म्यावर आणली. बॉसने प्रश्न न विचारता सही केली.

तेव्हा माझ्या मते: पेन्शन आहे, वय चाळिशीपुढे आहे, तर ३० लाखांचा विचार सोडा, हा कोर्स पुरे. दहा वर्षांनी बाहेर पडताय आणि कन्सल्टिंगमध्येच जायचंय, तर फुलटाइम एमबीए करा. ते लोक कॅम्पसवरून उचलतात, सर्टिफिकेटकडे ढुंकूनही बघत नाहीत. अधलेमधले असाल तर आधी ट्रंक उघडा.

आता साडेतीन तारे. उरलेला दीड त्या ‘अदर’चा कापलाय. त्यात संस्थेचा दोष नाही, कबूल. पण ४० टक्के मी भरलेत.