दुसऱ्याच्या चुकीने गाडी ठोकली गेली तर: आपली विमा कंपनी, अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनी की समोरच्याचा विमा?

इंग्लंड किंवा वेल्समध्ये तुमची गाडी सिग्नलला उभी होती आणि मागून कोणीतरी येऊन ठोकली, चूक सरळ त्याची, असं धरून चालू. नुकसानभरपाईचे मुख्य रस्ते तीन. आपल्याच विमा कंपनीकडे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीखाली क्लेम करायचा, अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनीवर (बदली गाडी आणि दुरुस्ती उधारीवर देऊन ते पैसे नंतर समोरच्याच्या विम्यातून वसूल करणारी कंपनी) सगळं सोपवायचं, किंवा समोरच्याच्या विमा कंपनीशी थेट बोलायचं. तिन्ही कायदेशीर आहेत आणि तिन्हींमध्ये शेवटी पैसे चुकलेल्या ड्रायव्हरच्या विम्यातूनच यायचे असतात. खरा फरक एवढाच की ते पैसे येईपर्यंत उधारी कोणाच्या नावावर राहते. ‘तुम्हाला एक पेनीही भरावी लागणार नाही’ असं फोनवर सांगणारे नेमकं हेच सांगायचं टाळतात. (स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.)

भारतातून नव्याने आलेल्यांना हा धंदाच अनोळखी असतो. तिकडे गाडीच्या नुकसानीसाठी आपण आपल्या कंपनीला कळवतो, सर्व्हेअर येतो, गाडी कॅशलेस गॅरेजला जाते. पत्र्याच्या नुकसानीसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी सहसा कोणी चढत नाही. इंग्लंडमध्ये मात्र गाडी बंद असतानाच्या बदली गाडीचं भाडंही समोरच्याकडून वसूल करता येतं. गाडी आधी द्यायची, भाडं उधार ठेवायचं आणि नंतर समोरच्याच्या विमा कंपनीकडून वसूल करायचं, याला क्रेडिट हायर म्हणतात. 1993 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) ही पद्धत वैध ठरवली. अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंट कंपन्यांचं मोठं उत्पन्न याच भाड्यातून येतं.

फोन नक्की कोणाला लागला?

अपघात झाल्यावर रस्त्याच्या कडेला उभं राहून विमा कंपनीचा नंबर मोबाइलवर शोधू नका. शोधात सगळ्यात वर दिसणारी जाहिरात बऱ्याचदा अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनीची असते. ‘क्लेम्स डिपार्टमेंट’ म्हणून फोन उचलला जातो आणि आपण आपल्याच विमा कंपनीशी बोलतोय असं वाटत राहतं. नंबर पॉलिसीच्या कागदावरून आजच फोनमध्ये सेव्ह करा.

दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत असते. खऱ्या विमा कंपनीला फोन केला तरी चूक तुमची नाही म्हटल्यावर ‘आमच्या पार्टनरकडे जोडून देतो’ असं ऐकू येऊ शकतं. तो पार्टनर बहुधा अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनीच असतो. अशी केस पाठवण्याबद्दल विमा कंपनी, ब्रोकर, गॅरेज किंवा टोइंगवाल्याला कमिशन मिळतं. शारीरिक इजेच्या केसवरचं असं कमिशन एप्रिल 2013 पासून बंद आहे, भाड्याच्या गाडीवरचं नाही. म्हणून थेट विचारा: हा क्लेम माझ्या पॉलिसीखाली नोंदवला जातोय, की क्रेडिट हायर आणि क्रेडिट रिपेअर (उधारीवरची दुरुस्ती) यांखाली?

बदली गाडी: फरक सगळ्यात मोठा इथे

आपल्या विमा कंपनीची कर्टसी कार बहुतेक वेळा लहान हॅचबॅक असते. गाडी त्यांच्या मान्यताप्राप्त गॅरेजमध्ये दुरुस्तीला असेल तेवढेच दिवस ती मिळते. गाडी टोटल लॉस (दुरुस्ती परवडण्यापलीकडे) झाली तर बऱ्याच पॉलिसींमध्ये ती मिळतच नाही. दोन लहान मुलं, त्यांच्या कार सीट आणि रोजचा लांबचा प्रवास असेल तर अडचण होते. पण त्या गाडीचं बिल तुमच्या नावावर फाटत नाही.

अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनी तुमच्या गाडीच्या तोडीची गाडी देते, तीही लवकर, कधी दुसऱ्याच दिवशी दारात. आणणारा माणूस टॅबलेटवर सही घेतो. त्या सहीने तुम्ही रोजच्या भाड्याचे देणेकरी होता. करारात सहसा बारा महिन्यांत पैसे द्यायची अट असते आणि व्याज नसतं, त्यामुळे तो ग्राहक-कर्जाच्या नियंत्रणातून सुटतो. ही रचना उगाच आलेली नाही. 2000 मध्ये डायमंड विरुद्ध लव्हेल खटल्यात कंपनीचा करार ग्राहक-कर्ज कायद्याच्या अटी पाळणारा नव्हता. करारच अंमलात येऊ शकत नाही म्हणून भाडंही वसूल होऊ शकत नाही, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं, आणि तेव्हापासून करारांची भाषा काळजीपूर्वक घासूनपुसून लिहिली जाते.

आकड्यांत बघू. समजा भाडं रोज 95 पौंड अधिक 20 टक्के व्हॅट, आणि गाडी 45 दिवस वापरली. बिल होतं 5,130 पौंड. समोरच्याची विमा कंपनी म्हणते, तशीच गाडी साध्या भाड्याच्या दुकानातून व्हॅटसह रोज 45 पौंडांना मिळाली असती, म्हणजे 2,025. मधल्या 3,105 पौंडांवर भांडण होतं, आणि ते तुमच्या नावाने चालतं.

या भांडणात कोर्ट मुख्यतः चार गोष्टी तपासतं.

पहिली, गाडीची गरज. घरात दुसरी गाडी होती का, घरूनच काम चालू होतं का, भाड्याच्या गाडीवर मैल किती पडले? सहा आठवड्यांत शंभरेक मैल पडले असतील तर उत्तर देणं कठीण जातं.

दुसरी, ऐपत. भाडं आगाऊ भरण्याची ऐपत असेल तर फक्त साधा बाजारभाव मिळतो. 2015 च्या स्टीव्हन्स निकालानुसार तो म्हणजे त्या भागातल्या नावाजलेल्या किंवा विश्वासार्ह स्थानिक दुकानाचा सर्वांत कमी वाजवी दर. ऐपत नसेल तर क्रेडिट हायरचा पूर्ण दर मिळू शकतो. हे 2003 च्या लॅग्डेन विरुद्ध ओ’कॉनर निकालाने ठरलं. लॅग्डेन बेरोजगार होते आणि त्यांची दहा वर्षं जुनी फोर्ड एस्कॉर्ट उभी असताना ठोकली गेली होती. ऐपत नसल्याचं नुसतं सांगून भागत नाही. अपघाताआधीचे काही महिने आणि भाड्याचा पूर्ण काळ यांची बँक स्टेटमेंट्स, पगाराच्या स्लिपा, क्रेडिट कार्डाची बिलं दाखवावी लागतात. एखादं बचत खातं सांगायचं राहिलं तर सगळ्या क्लेमवर पाणी पडू शकतं. नुकतेच आलेले, घराचं डिपॉझिट भरून हात रिकामे झालेले आणि अजून क्रेडिट कार्ड न मिळालेले लोक या कसोटीत खरोखर बसू शकतात. चांगल्या पगाराचा, खात्यात दहा हजार पौंड शिल्लक असलेला आयटीवाला बसणार नाही.

तिसरी, दिवस. गॅरेजने पार्टची वाट बघत गाडी पडू दिली किंवा टोटल लॉसचा चेक आल्यावरही भाडं चालू राहिलं, तर त्या दिवसांचे पैसे अडकतात. दर आठवड्याला गॅरेजला ईमेल करून स्थिती विचारा आणि उत्तरं जपून ठेवा.

चौथी, समोरच्याच्या विमा कंपनीचं पत्र. चूक स्पष्ट असेल तर तीच कंपनी फोन करून किंवा पत्र पाठवून मोफत गाडी देऊ करते. 2009 च्या कोप्ली विरुद्ध लॉन निकालाप्रमाणे, ती गाडी त्यांना रोज कितीला पडते हे पत्रात स्पष्ट लिहिलं असेल आणि ती तुमची गरज भागवत असेल, तर पुढे तुम्हाला तेवढाच दर मिळू शकतो. आकडा नसलेली ऑफर नाकारली तर सहसा तुमच्यावर ठपका येत नाही. असं पत्र आलं की त्याच दिवशी अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंट कंपनीला पाठवा आणि त्यांचं म्हणणं लेखी मागा. पत्र ड्रॉवरमध्ये पडून राहणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महाग चूक आहे.

सगळ्याच केस इतक्या ताणल्या जात नाहीत. विमा कंपन्या आणि भाडे कंपन्या यांच्यात 1999 पासून जीटीए नावाचा दरांचा समझोता आहे. दोन्ही बाजू त्याच्या सभासद असतील तर हिशोब बहुधा परस्पर मिटतो आणि तुम्हाला कोणी त्रास देत नाही. सही करण्याआधी हे जरूर विचारा. शिवाय रोजचा दर, एक्सेस (नुकसानीतला आपण स्वतः भरायचा ठरलेला भाग) कमी करण्याचा वेगळा आकार, जादा ड्रायव्हरचे पैसे, आणि ‘वसुली झाली नाही तर माझ्याकडून काय घेणार?’ याचं उत्तर ईमेलवर घ्या. ‘सहकार्य केलंत तर तुमच्याकडून मागणार नाही’ असं बरीच मंडळी लिहून देतात. तिथे सहकार्य म्हणजे काय ते वाचा. त्यात सहसा कागद देणं, जबाबावर सही करणं आणि गरज पडल्यास कोर्टात हजर राहणं येतं. पुण्याहून आलेले वडील भारतीय लायसन्सवर ती गाडी चालवणार असतील तर आधी त्यांचं नाव करारात घालून घ्या; अपघात झाला आणि नाव नसेल तर विमा नाही.

समोरच्याच्या विमा कंपनीने दिलेली गाडी या तिघांत पैशाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक. उधारीचा करार नसतो, एक्सेसही भरावा लागत नाही. फक्त गाडी परत घ्यायची त्यांना घाई असते.

दुरुस्ती आणि टोटल लॉस

आपल्या विमा कंपनीच्या गॅरेजमध्ये कामाची वॉरंटी मिळते, आणि काम बिघडलं तर विमा कंपनीविरुद्ध फायनान्शियल ओम्बुड्समनकडे (वित्तीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारी संस्था) जाता येतं. समोरच्याच्या विमा कंपनीचे तुम्ही ग्राहक नाही, त्यामुळे तिच्याविरुद्धची तुमची तक्रार ओम्बुड्समन सहसा ऐकत नाही. तिथे पटलं नाही तर कोर्टाचाच मार्ग उरतो. क्रेडिट हायरचे नियंत्रणाबाहेरचे करारही बऱ्याचदा ओम्बुड्समनच्या कक्षेत येत नाहीत.

कुठलाही रस्ता घ्या, काम सुरू होण्याआधी समोरच्या कंपनीला गाडी तपासायची संधी द्या आणि तशी ईमेल ठेवा. नाहीतर ‘हे नुकसान जुनं होतं’ हा वाद ठरलेला. नव्या गाड्यांत बंपरमागे रडार आणि काचेवर कॅमेरा असतो. बंपर किंवा काच बदलल्यावर त्यांचं कॅलिब्रेशन करावं लागतं. त्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, कारण बिघडलेलं रडार बाहेरून दिसत नाही.

टोटल लॉसमध्ये पहिली ऑफर कमी वाटली तर त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या आणि जवळपास तेवढ्याच मैलांच्या विक्रीच्या तीन-चार जाहिराती जोडून उत्तर द्या. गाडी पीसीपीवर (हप्त्यांवरचा एक फायनान्स करार) असेल तर पैसे आधी फायनान्स कंपनीला जातात. गॅप विमा (टोटल लॉसची मिळालेली रक्कम आणि गाडीची मूळ किंमत किंवा उरलेलं कर्ज यांतला फरक भरणारा) असेल तर ऑफर स्वीकारण्याआधी त्यांना कळवा. न कळवता सही केलीत तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

एक्सेस, बोनस आणि नोंद

आपल्या पॉलिसीखाली क्लेम केला की एक्सेस आधी तुमच्या खिशातून जातो. सक्तीचा 250 आणि ऐच्छिक 200 असेल तर 450 पौंड. टॅक्सीभाडं, गाडीतल्या वस्तू वगैरेंसारखं तेही समोरच्याकडून वसूल करावं लागतं. मोटर लीगल प्रोटेक्शन (कायदेशीर खर्चाचा जोड-विमा) घेतलेलं असेल तर जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असताना ते लोक ही वसुली करून देतात. पूर्ण वसुली होईपर्यंत क्लेम उघडा राहतो. मधे रिन्युअल आलं तर नो क्लेम बोनस कमी धरून प्रीमियम लागू शकतो, आणि नंतर तो कमी करून मागावा लागतो.

अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंटकडे एक्सेस वाचतो आणि बोनसला हात लागत नाही. त्यांचं हे म्हणणं खरं आहे. पण ‘तुमच्या विमा कंपनीला सांगायची गरज नाही’ असं कोणी म्हटलं तर ते ऐकू नका. प्रत्येक अपघात कळवणं ही बहुतेक पॉलिसींची अट असते, आणि नवा कोट घेताना चूक कोणाचीही असली तरी सहसा मागच्या पाच वर्षांतले अपघात सांगावे लागतात. रस्त्यावरच रोख देऊन-घेऊन मिटवलं तरी ही अट सुटत नाही.

मान-पाठ दुखत असेल तर

31 मे 2021 पासून इंग्लंड-वेल्समध्ये मानेच्या लचकीची भरपाई ठरलेल्या तक्त्याने मिळते आणि लहान क्लेम ऑफिशियल इंज्युरी क्लेम या पोर्टलवर वकिलाशिवाय, मोफत करता येतात. वैद्यकीय अहवालाआधी विमा कंपनीला अशा इजेची तडजोड करता येत नाही. समोरच्याच्या कंपनीच्या कागदावर ‘फुल अँड फायनल’ दिसलं तर ते फक्त गाडीपुरतं आहे का ते बघा. इजेच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षं, गाडीच्या नुकसानीची सहा.

कोणी काय निवडावं

चुकीवर वाद असेल, म्हणजे राउंडअबाउट, लेन बदलणं, पार्किंगमध्ये दोघंही रिव्हर्स घेत होते, डॅशकॅम नाही, साक्षीदार नाही, तर आपली विमा कंपनीच. अर्धी चूक तुमच्यावर आली की अर्धं भाडंही वसूल होत नाही, आणि उधारीचा करार अशा वेळी अंगावर येतो.

चूक मान्य झाली आहे, समोरच्याची कंपनी माहीत आहे आणि ती गाडी देतेय: गाडी तिच्याकडून घ्या, पण टोटल लॉसची किंमत आणि इजा यांबाबत सावध राहा.

तुमचा विमा फक्त थर्ड पार्टी आहे, किंवा एक्सेस मोठा आहे, हातात पैसे नाहीत, गाडीशिवाय नोकरी अडते, चूक निर्विवाद आहे आणि समोरची कंपनी फोन उचलत नाही: अ‍ॅक्सिडेंट मॅनेजमेंट इथे खरंच उपयोगी पडतं. वरचे प्रश्न ईमेलवर विचारा, मगच सही करा.

टॅक्सी चालवत असाल तर आधी हिशोब करा. 2019 च्या हुसेन विरुद्ध ईयूआय निकालानुसार, टॅक्सीच्या भाड्याचा खर्च बुडालेल्या नफ्यापेक्षा बराच जास्त असेल तर साधारणपणे फक्त बुडालेला नफा मिळतो.

आणि समोरच्याचा विमाच नसेल, तर वसुली करायला कंपनीच नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत ‘अनइन्शुअर्ड ड्रायव्हर प्रॉमिस’ आहे का ते बघा. असेल तर बोनस टिकतो आणि सहसा एक्सेसही परत मिळतो. त्यासाठी समोरच्या गाडीचा नंबर आणि मेक लागतो, जमलं तर ड्रायव्हरचं नावही. तुमचा विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर मोटर इन्शुअरर्स ब्युरोकडे (विमा नसलेल्या ड्रायव्हरांमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई देणारी संस्था) अर्ज करावा लागतो. म्हणून धडकेनंतर कायद्याने थांबून माहिती देण्या-घेण्याचं बंधन आहे तेवढ्या वेळात नंबर प्लेटसकट दोन्ही गाड्यांचे फोटो आधी काढा. माहिती मिळाली नाही तर 24 तासांच्या आत पोलिसांना कळवा.