चित्रांवरून अनुमान शिकवणारा कार्डसंच : पाचवीच्या वर्गातील अनुभव

चित्रातील खुणा पाहून मुलांनी अनुमान बांधावे, या हेतूने तयार केलेला ४० कार्डांचा एक संच मी यंदा पाचवीच्या वर्गासाठी मागवला. चित्रे खरोखरच विचारपूर्वक काढलेली आहेत. एका कार्डावर ओसरी आहे : खुंटीवरच्या छत्रीतून पाणी ठिबकते आहे, उंबऱ्याशी चिखलाने माखलेल्या लहान चपला आहेत आणि शेजारी झाकलेले ताट तसेच आहे. “मूल शाळेतून आले आहे, पण जेवलेले नाही,” असे एका मुलीने सांगितले. “कशावरून?” असे विचारताच तिने चपला आणि ताट दाखवले, त्यावर शेजारच्या मुलाने, दप्तर कुठेच दिसत नसल्यामुळे ते खेळून आले असावे, असा आक्षेप घेतला. फिलिप येनवाइन आणि अबिगेल हाउसन यांनी विकसित केलेल्या चित्रचर्चेच्या पद्धतीतही हा ‘कशावरून’ मध्यवर्ती आहे, आणि दिसलेले व ताडलेले यांतील फरक मुलांना त्यातूनच उमगतो.

असे असताना प्रत्येक कार्डाच्या पाठीमागे एकच ‘बरोबर उत्तर’ छापण्याचा उद्योग प्रकाशकाने का केला, हे कळत नाही. मुले चर्चा सोडून कार्ड उलटून पाहू लागली, तेव्हा मी सगळ्या उत्तरांवर कोरा कागद चिकटवला (एक रविवार त्यातच गेला). कार्डांचा कागदही पातळ असल्याने त्यांचे कोपरे महिनाभरातच दुमडले. मागच्या बाकांवरून चित्रांतील बारकावे दिसत नाहीत. पाच-सहा मुलांच्या गटासाठी मात्र संच जरूर घ्यावा.