इलेक्ट्रिक खोडरबर, काही महिन्यांच्या पोर्ट्रेट-कामानंतर: टोक उत्तम, चक रद्दी

वॉरंटीचा दावा परवा फेटाळला गेला, म्हणून लिहायला बसले. "रबर ही झिजणारी वस्तू आहे, ती वॉरंटीत येत नाही," एवढंच उत्तर. माझी तक्रार रबराबद्दल नव्हतीच. रबर धरून ठेवणारा चक ढिला झाला होता आणि त्याचे फोटो मी जोडले होते.

माझा वापर कशासाठी ते सांगते, कारण मत त्यावरच ठरलंय. स्केटबोर्डिंगमधल्या सुरुवातीच्या पिढ्यांतल्या बायकांच्या ग्राफाइट पोर्ट्रेट्सची ऑर्डर माझ्याकडे आहे: पॅटी मॅकगी, पेगी ओकी, कारा-बेथ बर्नसाइड, एलिसा स्टीमर. चार्जिंग, वेग, दोन जाडीची रबरं हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात खोट नाही. मी हे यंत्र घेतलं ते २.३ मिमीच्या टोकासाठी.

सुरुवात पॅटीपासून झाली. १९६४ ची अमेरिकेची राष्ट्रीय विजेती. १४ मे १९६५ च्या 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर ती अनवाणी, स्केटबोर्डवर हातांवर उभी आहे. ते छायाचित्र बिल एप्रिज यांचं, त्यामुळे पोझ जशीच्या तशी उतरवायची नाही हे ग्राहकाशी आधीच ठरवून घेतलं. पण पॅटी हातांवर उभी असलेली हवीच होती. म्हणजे डोकं उलटं, केस खाली लोंबणारे. असे केस मी पेन्सिलीने काढत नाही. आधी सगळीकडे मधला टोन भरते आणि उजळ बटा रबराने उचलते. नीडेड रबराला (कणकेसारखं मळून आकार देता येणारं खोडरबर) कितीही चिमटा काढा, दोन-तीन रेघांत ते बोथट होतं. हे टोक मात्र सॅण्डपेपरवर तिरकं धरून फिरवलं की सुईसारखं होतं, आणि दाब द्यावा लागत नाही म्हणून कागदाचा पोत शाबूत राहतो. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

पेगीच्या चित्रात त्याचा खरा कस लागला, तो चाकांवर. १९६५ च्या बोर्डांना क्लेची, म्हणजे मातीच्या मिश्रणाची, चाकं असायची: निबर, मंद, उजेड परत न देणारी. बारीक खडा आला तरी अडकायची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने युरेथेनची (एक लवचीक प्लॅस्टिक) 'कॅडिलॅक' चाकं आणली आणि रस्त्यावर पकड आली. पेगी ओकी कॅलिफोर्नियातल्या झेफर या स्केटबोर्डिंग संघातली एकमेव मुलगी. १९७५ मध्ये डेल मारच्या स्पर्धेत मुलींच्या फ्रीस्टाइलमध्ये ती पहिली आली. या संघाची ती सर्फिंगवरून आलेली, खाली वाकून जमिनीला हात लावत वळायची शैली त्या पकडीवरच उभी होती. युरेथेन थोडं अर्धपारदर्शक, त्यामुळे उजेड आत शिरतो आणि कडेला मऊ पट्टा उमटतो. तो पट्टा पांढराफेक काढून चालत नाही, अर्धा टोनच उचलावा लागतो. उलट पॅटीच्या चाकावर पांढरा ठिपका पडला तर चित्र दहा वर्षं पुढे सरकतं. ग्राहकाच्या नजरेतून ते सुटेलही, पण ज्या बायका त्या चाकांवर उभ्या राहिल्या त्यांच्या चित्रात ते चुकू नये, असं मला मनापासून वाटतं.

आणि नेमक्या त्याच पट्ट्यावर चकने दगा दिला. रबर आत सरकलं आणि प्लॅस्टिकची कड कागदावर फिरली. चाकाच्या कडेला गोल खाच पडली. कागद दबला की दबला. वरून कितीही ग्राफाइट चढवा, तिरक्या उजेडात ती चकाकतेच. ते चित्र मला नव्या कागदावर पहिल्यापासून करावं लागलं. सुटा चक मागितला तर तो विकत नाहीत, नवं यंत्र घ्या म्हणतात. मोटर ठणठणीत असताना नखाएवढ्या प्लॅस्टिकसाठी अख्खं यंत्र टाकायचं, हे मला पटत नाही आणि परवडतही नाही. शिवाय रबराचा शेवटचा तुकडाही हा चक धरत नाही, म्हणजे प्रत्येक रिफिलचं शेपूट वाया.

रागाच्या भरात एकच तारा देणार होते. पण नंतर रबराच्या मागच्या भागाला मास्किंग टेपचा एक वेढा दिला आणि पकड परत आली. काम थांबलेलं नाही. कारा-बेथचं चित्र त्यावरच झालं. ती व्हर्टवरची (कडेला उभ्या चढत जाणाऱ्या रॅम्पवरची), म्हणजे हेल्मेट आणि पॅड आलेच, आणि हेल्मेटच्या घुमटावरची मोठी चमक ५ मिमीच्या रबराने एका झटक्यात निघते. (हीच बाई १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये स्नोबोर्ड हाफपाइपला चौथी आली होती. ग्राहकाला तिचं चित्र का हवं होतं, ते तेव्हा कळलं.)

टेप लावली तरी एक सवय ठेवा: दर दोन-चार रेघांनी टोक किती बाहेर आहे ते बघा. आणि ६बी पेन्सिलीने दाबून भरलेला काळा भाग याने पूर्ण पांढरा होईल ही अपेक्षा नको.

स्टीमरचं चित्र बाकी आहे, तेही याच्यावरच करणार. तूर्त पाचपैकी तीन. सुटा चक विकायला लागले तर चौथा देईन. घेणार असाल तर दुकानदाराला आधी तेवढंच विचारा.