यूएफसी फाइट पास: सर्वकालीन श्रेष्ठ निवडू पाहणाऱ्याच्या नजरेतून एक परीक्षण

मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या खेळाच्या, लढती भरवणाऱ्या यूएफसी या संस्थेची फाइट पास ही सशुल्क व्हिडिओ सेवा डिसेंबर 2013 मध्ये सुरू झाली. थेट प्रक्षेपणासाठी ती घेणारे बरेच असले, तरी मी तिचा विचार एकाच बाजूने करणार आहे: मिक्स्ड मार्शल आर्ट्समधील सर्वकालीन श्रेष्ठ कोण, हे ज्याला ऐकीव मतांवर न सोडता स्वतः पाहून ठरवायचे आहे, त्याला या सेवेचा जुन्या लढतींचा संग्रह कितपत उपयोगी पडतो? माझे मत असे की या कामासाठी याहून चांगले साधन दुसरे नाही; मात्र संग्रहाचा एका बाजूला असलेला कल ओळखून न वापरल्यास हेच साधन आपली यादी नकळत वाकडी करते.

संग्रहाचे बळ समजण्यासाठी तो कसा जमला हे आधी पाहावे लागते. 12 नोव्हेंबर 1993 रोजी डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या यूएफसी स्पर्धेपासूनच्या लढती त्यात आहेतच, पण खरी श्रीमंती आली ती प्रतिस्पर्धी संस्था विकत घेतल्यामुळे. 2006 च्या अखेरीस डब्ल्यूईसी, 2007 मध्ये जपानची प्राइड आणि 2011 मध्ये स्ट्राइकफोर्स ताब्यात आली आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या चित्रफितीही आल्या. स्त्रियांच्या लढतींना वाहिलेल्या इन्विक्टा या संस्थेचे कार्यक्रमही काही वर्षे येथे दाखवले जात. त्यामुळे एखाद्या लढवय्याच्या नावाने शोध घेतला, की निरनिराळ्या संस्थांतील त्याच्या लढती एकाच ठिकाणी सापडतात आणि त्या तारखेच्या क्रमाने पाहता येतात. श्रेष्ठत्वाच्या वादात पडणाऱ्याने निदान हे एवढे तरी करावे, असे मला मनापासून वाटते, कारण निवडक क्षणांच्या चित्रफितींनी या खेळातील जितक्या मोठ्या माणसांवर अन्याय केला आहे, तितका पराभवांनीही केलेला नाही.

माजी विजेता जोसे आल्दो हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. 12 डिसेंबर 2015 रोजी कॉनर मॅकग्रेगरने त्याला 13 सेकंदांत बेशुद्ध केले आणि नव्याने हा खेळ पाहू लागलेल्या असंख्य लोकांसाठी आल्दो म्हणजे तेवढे 13 सेकंदच झाले. त्या रात्रीपूर्वी हा माणूस दहा वर्षे एकही लढत हरला नव्हता, हे आकड्यात वाचून फारसे उमगत नाही. त्यासाठी 24 एप्रिल 2010 ची, युरायाह फेबरविरुद्धची डब्ल्यूईसीची पाच फेऱ्यांची लढत अथपासून इतिपर्यंत पाहावी. आल्दो घाई करत नाही. तो फेबरच्या पुढच्या मांडीवर एक लाथ घालतो, मागे सरतो, अंतर जोखतो, आणि पुन्हा त्याच जागी दुसरी लाथ घालतो. हळूहळू फेबरच्या पायातील चपळाई नाहीशी होते, त्याला त्या पायावर धड भारही देता येत नाही, आणि फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात त्याला त्याच्या कोपऱ्यातील माणसांचा आधार घ्यावा लागतो. फेबर स्वतःच्या गावच्या प्रेक्षकांसमोर लढत होता आणि अखेरपर्यंत त्याने हार मानली नाही, म्हणून ती लढत अधिकच जीवघेणी वाटते. एकच साधे हत्यार इतक्या शांतपणे आणि इतका वेळ वापरण्याची ही शिस्त कोणत्याही अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात मावणारी नाही.

कॅनडाचा माजी विजेता जॉर्ज सेंट-पिएर याच्याविषयी हेच, किंबहुना अधिक जोर देऊन म्हणता येईल. त्याच्या लढती कंटाळवाण्या असतात, हा आरोप त्या पूर्ण न पाहणाऱ्यांकडून अधिक येतो. डिसेंबर 2010 मध्ये मॉन्ट्रियल येथे त्याने जॉश कोसचेकला डाव्या हाताच्या सरळ ठोशाने, म्हणजे जॅबने, पाचही फेऱ्या जखडून ठेवले. कोसचेकच्या उजव्या डोळ्याभोवतीचे हाड मोडले आणि डोळा सुजून मिटत गेला, तरीही सेंट-पिएरने मोह होऊन धोका पत्करला नाही. कोसचेक पुढे यायला निघाला की जॅब, आणि जॅब चुकवण्यासाठी त्याने हात वर नेले की खाली वाकून टेकडाउनची, म्हणजे पकडून जमिनीवर पाडण्याची, हूल. कोसचेक स्वतः मुरलेला कुस्तीगीर होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या पकडीची खरी किंमत कळते. सेंट-पिएरच्या 28 लढतींत दोनच पराभव आहेत आणि दोन्ही पराभवांची त्याने परतफेड केली. मॅट ह्यूजने 2004 मध्ये पहिल्या फेरीच्या शेवटच्या सेकंदाला त्याला आर्मबारमध्ये, म्हणजे हात कोपरातून उलटा ताणणाऱ्या पकडीत, अडकवून शरण आणले होते. 2007 च्या डिसेंबरात तिसऱ्या भेटीत सेंट-पिएरने त्याच ह्यूजला आर्मबारनेच शरण आणले. मॅट सेराकडून 2007 मध्ये झालेला धक्कादायक पराभव आणि पुढच्या वर्षीचा परतीचा सामना पाठोपाठ पाहिला, तर एका लढवय्याने स्वतःच्या चुका कशा दुरुस्त केल्या याचा पुरावाच हाती लागतो. या संग्रहाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

प्राइडचा विभाग पाहताना मात्र थोडी पूर्वतयारी हवी आणि ती ही सेवा करून देत नाही. तेथे पिंजऱ्याऐवजी दोरांचे रिंगण होते, पहिली फेरी दहा मिनिटांची असे, जमिनीवर पडलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला लाथ मारण्याची मुभा होती, पण त्याच्या डोक्यावर कोपराने प्रहार करण्याची नव्हती, आणि पंच फेरीगणिक गुण न देता संपूर्ण लढतीचा एकत्र विचार करत. हे ठाऊक नसेल, तर प्राइडचा हेवीवेट विजेता फेडोर एमेलियानेन्को याच्या निर्णयांचा अर्थच लागत नाही. जून 2004 मधील केव्हिन रँडलमनविरुद्धची त्याची लढत जेमतेम दीड मिनिटाची आहे. रँडलमन त्याला मागून कवेत धरतो, उचलतो आणि असा मागे फेकतो की फेडोर मानेवर आणि डोक्यावर आदळतो. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर फिरले. पण त्यानंतरचे काही क्षण पाहा: फेडोरच्या चेहऱ्यावर भीती नाही आणि घाईही नाही; तो खालून वर येतो, रँडलमनचा हात पकडतो आणि किमुरा, म्हणजे हात पिरगळून खांदा जखडणारी पकड, लावून लढत संपवतो. ऑगस्ट 2005 मध्ये मिर्को क्रो कॉपसारख्या जबरदस्त लाथा मारणाऱ्याला त्याने सतत पुढे चालत जाऊन मागे रेटले, तीही लढत येथे आहे, आणि जून 2010 मध्ये फाब्रिसिओ व्हेर्डुमने त्याची जवळजवळ दशकभराची अपराजित वाटचाल संपवली, तीही आहे. फेडोर यूएफसीत कधी लढला नाही, म्हणून त्याला यादीबाहेर ठेवणारे मत या लढती पाहिल्यावर टिकणे कठीण आहे.

आता उणिवेकडे वळतो, कारण ती छोटी नाही. जे विकत घेतले गेले किंवा ज्याचे हक्क मिळाले, तेच येथे आहे. जे प्रतिस्पर्ध्यांच्या हाती राहिले, ते नाही. डिमेट्रियस जॉन्सनने फ्लायवेट या हलक्या वजनगटाचे विजेतेपद सलग 11 वेळा राखले, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये रे बोर्गला हवेत उचलून टाकता टाकताच आर्मबारमध्ये पकडले. हे सारे येथे मनसोक्त पाहता येते. पण 2018 मध्ये हेन्री सेहुडोकडून निसटता पराभव झाल्यावर जॉन्सन आशियातील वन चॅम्पियनशिपकडे गेला. तेथे 2021 मध्ये आड्रियानो मोराइसने त्याला प्रथमच बेशुद्ध करून हरवले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या 36 व्या वर्षी, जॉन्सनने उडत्या गुडघ्याने त्याच मोराइसला बेशुद्ध करून विजेतेपद मिळवले. माझ्या दृष्टीने जॉन्सनच्या मोठेपणाचा हा फार महत्त्वाचा भाग आहे, आणि नेमका तोच या संग्रहात नाही. केवळ येथे पाहणाऱ्याची समजूत अशी होईल की जॉन्सनची कहाणी सेहुडोपाशी संपली. फेडोर आणि क्रिस सायबॉर्ग यांची बेलाटर या दुसऱ्या संस्थेतील वर्षेही अशीच बाहेर राहतात.

स्त्रियांच्या बाबतीत हा तुटवडा तुलनेने कमी जाणवतो. अमांडा नुनेसने डिसेंबर 2018 मध्ये सायबॉर्गला 51 सेकंदांत हरवले, ते सर्वांना माहीत आहे. पण स्ट्राइकफोर्समधील अलेक्सिस डेव्हिसविरुद्धचा आणि सप्टेंबर 2014 मधील कॅट झिंगानोविरुद्धचा पराभव पाहिल्याशिवाय, दमछाक होऊन कोलमडणारी एक जोरकस मुलगी पुढे दोन वजनगटांची विजेती कशी झाली, हे कळत नाही. हा सारा प्रवास येथे मिळतो.

आणखी एक गोष्ट पाहणाऱ्याने स्वतः सांभाळावी लागते. जुलै 2017 मध्ये जॉन जोन्सने डॅनियल कॉर्मियरला डोक्यावर लाथ मारून पाडले आणि विजय साजरा केला, हे चित्रफितीत दिसते. पण नंतर जोन्सच्या चाचणीत बंदी असलेले द्रव्य आढळल्यामुळे कॅलिफोर्नियाच्या नियामक मंडळाने त्या लढतीचा निकाल रद्द करून ती ‘नो कॉन्टेस्ट’, म्हणजे निकालाविना, ठरवली. त्या रात्रीच्या चित्रफितीत अर्थातच हे येत नाही. जोन्सला माझ्या यादीत पहिले स्थान न देण्याचे कारण हेच आहे, त्याच्या कौशल्याविषयी मला तिळमात्र शंका नाही. समालोचनाचेही तसेच: विजेत्याला इतिहासातील सर्वोत्तम म्हणण्याची समालोचकांना सवय असते, त्यामुळे महत्त्वाची लढत एकदा आवाज बंद करून पाहावी.

ज्याला फक्त येत्या आठवड्याची मोठी लढत पाहायची आहे, त्याने आपल्या देशात तिचे हक्क कोणाकडे आहेत हे तपासूनच पैसे भरावेत, कारण देशागणिक ते बदलतात. ज्याला श्रेष्ठ निवडायचे आहेत, त्याने मात्र ही सेवा जरूर घ्यावी आणि तिच्याबाहेर राहिलेल्या लढती वन आणि बेलाटरच्या चित्रफितींतून भरून काढाव्यात. अशा रीतीने पाहिल्यावर माझ्या यादीत सेंट-पिएर पहिला, फेडोर दुसरा आणि जॉन्सन तिसरा आहे. पूर्वी मी तिसऱ्या जागी यूएफसीचा माजी मिडलवेट विजेता अँडरसन सिल्व्हा याला मानत असे, पण मोराइसविरुद्धची 2022 ची लढत पाहिल्यानंतर जॉन्सनला त्याच्या खाली ठेवणे मला पटेनासे झाले.