डॅडारियो ईजे १६ तारा: रत्नागिरीच्या खाऱ्या हवेतला अनुभव

गेल्या मे महिन्यात भाची सुट्टीला आली ती गिटार घेऊनच आली आणि चप्पल काढायच्या आधी सांगून मोकळी, मामा ही गिटार गेली, आवाजच येत नाही, नवीन घ्यायचीये, बाबांना तू सांग. बघितली तर यामाहाची एफ ३१०, एकदम धडधाकट, कुठे चीर नाही, ब्रिज (खाली तारा अडकवायची लाकडी पट्टी) उचललेला नाही, फक्त तारांवरून हात फिरवला तर बोटं काळी. म्हटलं तारा कधी बदललेल्या? तर म्हणते, बदलायच्या असतात? तीन वर्षं झाली होती गिटार घेऊन! माझ्याकडे डॅडारियो कंपनीच्या ईजे १६ तारांचं एक पाकीट पडून होतं ते चढवलं, पाऊण तास गेला असेल, संध्याकाळी पोरगी जेवायला उठेना.

तर हा रिव्ह्यू त्या पाकिटाचा. मी स्वतः चार-पाच वर्षं हाच सेट वापरतोय, मधे दुसरे करून बघितले आणि फिरून इथेच आलो.

दुकानात जाऊन नुसतं 'गिटारच्या तारा द्या' म्हणू नका, काहीपण हातात ठेवतात. ईजे १६ म्हणजे फॉस्फर ब्राँझ, लाइट, १२-५३. यातला १२ म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची, साधारण ०.३ मिलिमीटर, आणि ५३ ही सगळ्यात जाड. पहिल्या दोन तारा साध्या स्टीलच्या आणि बाकी चारांवर ब्राँझ गुंडाळलेलं. दुसरा प्रकार मिळतो तो ८०/२०, त्याला पण ब्राँझच म्हणतात पण ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त म्हणजे सरळ सरळ पितळ झालं की! त्याचा आवाज नवीन असताना फार खणखणीत आणि मग भसकन उतरतो, निदान माझ्या हातात तरी. फॉस्फर ब्राँझमधे तांब्यात कथिल आणि किंचित फॉस्फरस असतो, तो आवाज जरा गोलसर, उबदार, आणि टिकतो जास्त. १९७४ मधे हा धातू गिटारच्या तारांत पहिल्यांदा आणला तो डॅडारियोनेच, त्यामुळे या बाबतीत त्यांचा हात बसलेला आहे असं म्हणायला हरकत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे तारेच्या टोकाच्या मण्यांचे रंग. सहावी पितळी, पाचवी लाल, चौथी काळी, तिसरी हिरवी, दुसरी जांभळी, पहिली चंदेरी. पहिल्यांदा तारा बदलणाऱ्याला कुठली कुठे हा गोंधळ होतच नाही. पाकिटात एकच सीलबंद पिशवी असते, तारा एकात एक वेटोळ्या घालून, सोडवताना मांडीवर घेऊन शांतपणे सोडवा, घाईत ओढलीत की मुरड पडते आणि मुरडलेली तार तिथेच तुटते.

बदलायचं म्हणाल तर अवघड काही नाही. मागे इथल्याच एका दुकानात गिटार दिली होती तर तिथल्या पोराने ताणलेल्या तारा तशाच पक्कडीने कटाकट कापल्या, एक सणसणीत उडून त्याच्याच गालावर. तेव्हापासून मी घरीच करतो. आधी खुंट्या फिरवून तारा पूर्ण ढिल्या करायच्या, मगच कापायच्या. ब्रिजच्या पिना निघत नसतील तर वरून पक्कड लावू नका, कडा उडतात, गिटारच्या भोकातून हात आत घालून एक रुपयाच्या नाण्याने खालून ढकला, टपकन वर येते. नवीन तारेचं मण्याचं टोक किंचित वाकवून आत सोडा, पिन दाबा आणि तार वर ओढून मणी आतून घट्ट बसला ना बघा. खुंटीशी दोन-अडीच इंच ढील ठेवायची, जाड तारेला दोन-तीन वेढे, बारीकला एखाद-दोन जास्त, आणि वेढे एकाखाली एक उतरते आले पाहिजेत, एकावर एक चढले तर सूर सरकत राहतो. नंतर प्रत्येक तार बोटाने हलकी वर ओढून ताणा, परत सुरात लावा, असं तीन-चार वेळा. हे न करता लोक तक्रार करतात की नवीन तारा सुरात राहत नाहीत.

एक माझी चूक सांगतो. सूर लावायच्या ॲपवर ई (पहिल्या तारेचा सूर) दिसेना म्हणून मी पहिली तार वर वर चढवत गेलो, खरं तर सूर केव्हाच मागे पडला होता, पुढच्या ई च्या वाटेवर होतो. टण्ण! नवीकोरी तार गेली. त्यामुळे ॲपमधली नुसती अक्षरं बघू नका, कान पण लावा.

आणि नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असेल तर हा सेट चुकूनसुद्धा चढवू नका. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या वर जातो, क्लासिकलचा ब्रिज उखडून हातात येईल.

आता तक्रारीचा भाग, म्हणजे कंपनीची नाही, आमच्या हवेची. या तारांना कोटिंग, म्हणजे वरून संरक्षक थर, नाही. डिसेंबरात चढवल्या तर तीन महिने छान जातात पण जुलैत समुद्रावरून येणारा खारा दमटपणा आणि त्यात माझ्या हाताला घाम, पाचव्या-सहाव्या आठवड्यात पहिल्या दोन तारा खरखरीत. यावर कोटिंगवाला इलिक्सिर नॅनोवेब वापरून बघितला (रेनकोटचं गोर-टेक्स कापड काढणारी कंपनी आहे ती, १९९७ पासून तारा बनवते, म्हणजे पावसाचा अनुभव दांडगा!). पूर्ण पावसाळा काढला त्याने, खरंच. पण किंमत दुपटीच्या आसपास आणि बोटाखाली गुळगुळीत लागतं ते मला रुचत नाही, उगाच तेल लावल्यासारखं. घाम जास्त येत असेल किंवा बदलायचा कंटाळा असेल तर तोच घ्या, मी मात्र वाजवून झालं की जुन्या सुती बनियनने प्रत्येक तार वरून-खालून पुसतो आणि गिटार बॅगेत ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. भिंतीवर टांगायची हौस मी सोडली, एका पावसात पट्ट्यावर बुरशी आली होती.

तारा काढलेल्या असतात तेव्हाच फ्रेटबोर्ड (तारांखालची, बोटं दाबायची पट्टी) पुसून घ्यायचा. रोझवूड असेल तर वर्षातून एक-दोनदा लेमन ऑइलचे दोन-चार थेंब, लगेच पुसून टाकायचे. आईचा आग्रह खोबरेलाचा, तिच्या मते जगातल्या प्रत्येक लाकडाला खोबरेल चालतं. नका लावू, खवट होतं आणि चिकट बसतं.

घेताना एक सांभाळा. एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत मिळाला म्हणून घेतला, मण्यांचे रंग फिकट, पाकिटातला कोड कंपनीच्या साइटवर टाकला तर घेईना. डुप्लिकेट! आता मुंबईला गेलो की धोबी तलावला फुर्ताडोज या वाद्यांच्या दुकानातून तीन-चार पाकिटं एकदम आणतो, मागच्या वेळी एक सातशेच्या आसपास पडलं.

नवीन शिकणारे, बोटं दुखणारे यांनी १२ च्या ऐवजी ईजे २६ घ्यावा, तोच धातू पण ११-५२, दाबायला हलका. भाचीला जाताना तोच दिला. माझ्यासाठी ईजे १६ ला पाचातले साडेचार, अर्धा जुलैसाठी कापला.

काढलेल्या तारा टाकत नाही मी, जाड ई आणि ए (सहावी आणि पाचवी) गुंडाळून ठेवतो. दिवाळीत आकाशकंदील टांगायला सुतळीपेक्षा बऱ्या, वाऱ्यात तुटत नाहीत.