गाऊन मिळाला, पदर गेला

रिसेप्शनला आजीच्या पैठणीचा गाऊन घालायचा, ही हौस माझीच. आई शेवटपर्यंत नको म्हणत होती. तिच्या मते पैठणीला कात्री लावणं म्हणजे देवाच्या भांड्यात चहा उकळणं. पण साडी आजीच्या लग्नातली, 1958 सालची, डाळिंबी रंगाची नऊवारी. नऊवारी आम्ही कुणीच नेसत नाही. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, गाऊनचा घेर आरामात निघणार. शेवटी आईने कपाट उघडलं.

बुटिक पुण्यातलंच. नाव लिहीत नाही, कारण हातात पक्कं बिल नाही. शिवणाऱ्या मॅडम बोलायला अशा गोड की बस. समोर बसून चित्र काढलं: कमरेपर्यंत घट्ट, खाली घेर आणि मागे जमिनीवर लोळणारा सबंध पदर, मोरांसकट. शिलाई 32,000. त्यातले 20,000 आगाऊ, तेही दुकानाच्या नाही, त्यांच्या यजमानांच्या खात्यात. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डामागे लिहून दिलं, "गाऊन. 20 मिळाले." साडी दिल्याचा उल्लेखच नाही. मला तेव्हा खटकलं नाही, आईला खटकलं होतं. पण लग्नघरात आयांचं कोण ऐकतं?

आधी मांजरपाटावर कच्चा गाऊन बेतून अंगावर बघतात आणि मगच खऱ्या कापडाला कात्री लावतात, एवढं मला माहीत होतं. विचारलंही. "अगं, मला नजरेनंच माप कळतं," मॅडम म्हणाल्या. ट्रायलच्या तारखा पुढे पुढे जात राहिल्या. मग फोन आला की कापड फार विरलंय, मागून फ्यूजिंग लावावं लागेल, 4,000 वर होतील. फ्यूजिंग म्हणजे इस्त्रीने चिकटवायचं पातळ अस्तर. जुन्या रेशमाला ते लावतात हे खरंच आहे, म्हणून शंका आली नाही. आता कळतं की पदराची मागची बाजू झाकायला याहून सोपी युक्ती नाही.

गाऊन रिसेप्शनच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता हातात पडला. उरलेले 16,000 मोजून घेतल्याशिवाय पिशवी सोडली नाही. घरी येऊन घातला तर छातीत घट्ट, चेन अर्ध्यावर अडकली. उसवून सैल करावं तर आत अर्धा इंचही मार्जिन नाही. रात्री एकपर्यंत आईने हुक, पट्टी आणि सेफ्टी पिनांवर निभावलं. फोटो छान आले हो, मी नाही म्हणत नाही.

आठेक दिवसांनी आई ती पट्टी काढायला बसली. पदर घेराला जोडलाय तिथली शिवण उसवली, तर फ्यूजिंग दोन बोटं अलीकडेच संपलेलं. तिने ते टोक खिडकीशी उजेडात धरलं आणि मला हाक मारली. मोराच्या मागे कापलेल्या धाग्यांची नुसती लव. हातमागाच्या पैठणीत प्रत्येक रंगाचा धागा त्या त्या जागेपुरताच हाताने फिरवलेला असतो, त्यामुळे मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. असे लोंबते धागे यंत्रमागावरच्या कापडात राहतात. शिवाय निरांजनाने डागलेलं एक भोक आजीने पदराच्या कडेला रफू केलं होतं, लहानपणी मी त्यावर बोट फिरवायचे. ते रफू कुठेच नव्हतं. बाकी घेर आमचाच होता, पदर तेवढा बदललेला.

पदरच का, तर जुन्या जरीत चांदी असते. अशा साड्या वजनावर विकत घेणारे आहेत.

आम्ही जाब विचारला, तर मॅडम म्हणाल्या, "तुमचीच साडी आहे हो ही. आजींना तेव्हा कुणी काय विकलं, ते मी कसं सांगू?" हे वाक्य आईला अजून झोपेतून उठवतं.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक कायद्याने अनुचित प्रथाच आहे. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फीही लागत नाही. तक्रारीनंतर 12,000 परत आले, "फिटिंग बिघडलं" म्हणून. पदराचं मात्र सगळं पुराव्यावर अडलं. आमच्याकडे त्या पदराचा एकच फोटो, आजीच्या लग्नातला, कृष्णधवल. द्यायच्या आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढले असते, साडी टेपने मोजून लांबी, काठ, पदर, रफू आणि "कातरण परत" एवढं बिलावर लिहून घेतलं असतं, तर बोलायला जागा होती. तुमची साडी अजून कपाटात असेल तर एवढं करूनच बाहेर काढा.

कातरण मी भांडून आणलं. प्लास्टिकच्या पिशवीत डाळिंबी चिंध्या, काठाचे दोन तुकडे आणि तळाशी हिरव्या पदराची वीतभर पट्टी. तिच्यावरचा पोपट मागूनही पुढच्यासारखाच. आमच्या घरात हिरवी पैठणी कधीच नव्हती.